पद्माक्काचा शनिवारचा वर्ग

अक्का, तुझ्याबद्दल लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडखळले. तुझं बोलणं कागदावर उतरवायचं कसं? तू 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी सांगतो' म्हणायचीस. चिक्कोडीकडच्या बायका अशाच बोलतात, हे नागपूरहून नुकत्याच बंगळूरला आलेल्या मला कुठून ठाऊक असणार? कामावरच्या पहिल्या दिवशी प्लॅनिंग खात्याच्या दारात उभी राहून तू म्हणालीस, "नवीन आलेली मराठी पोरगी तूच न्हवं? चल, चहाला निघालो मी." मी मागे वळून पाहिलं, आणखी कोण निघालाय म्हणून. मागे कोणीच नव्हतं. तू एवढी हसलीस की टेबलावरचे लोक माना वर करून बघायला लागले.

नंतर तू त्याचं उट्टंही काढलंस. मी कुणाला तरी फोनवर नागपुरी सवयीनं 'मी काम करून राहिली' म्हटलं, तर तू शांतपणे विचारलंस, "काम करून कुठं राहिलीस? घर मिळालं काय?"

मी तुला बरेच दिवस पद्मावती मॅडम म्हणायची. मग सगळ्यांसारखं अक्का म्हणायला लागले, पण 'तुम्ही' काही सुटेना. एकदा डबा उघडता उघडता तू म्हणालीस, "अक्का म्हणतीस आणि तुम्ही म्हणतीस. एक काय तरी धर की." त्या दिवसापासून तू. आता तू नाहीस तेव्हा अहोजाहो करून लिहायला मला जमायचं नाही.

आपला बोम्मसंद्र्याचा कारखाना पॅकिंगची मशीनं बनवायचा आणि बहुतेक मशीनं ठरल्या तारखेनंतर बाहेर पडायची. त्याची कुणाला लाज वाटत नव्हती. मग परदेशातल्या एका गिऱ्हाईकानं मोठी ऑर्डर देताना अट घातली, की काम सांभाळणाऱ्या माणसांकडे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट पाहिजे. जनरल मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं. परीक्षा शहरात होते, इंग्रजीत होते, अभ्यास आपापल्या वेळात करावा, बाहेरून शिक्षक आणणं जमणार नाही, असं सांगून ते थांबले. सगळ्यांना कळत होतं की ऑर्डर गेली तर अर्धा कारखाना रिकामा बसेल.

तू उठलीस. "शिकवायला आपलीच माणसं तयार करू सर. मी बघते," असं इंग्रजीत म्हणालीस आणि खाली बसून माझ्या कानात मराठीत म्हणालीस, "बोलून तर गेलो. आता बघू काय होतंय."

आमच्यातल्या काहींनी स्वतःच पुस्तक वाचून ती परीक्षा आधीच दिली होती. मीही त्यात होते, पास झाले होते आणि ते चारचौघांत कळेल अशा बेतानं वागत होते. तू एकेकाच्या टेबलापाशी आलीस. "शिकवशील काय? शनिवारी दोनला सुटतो आपण, त्याच्यानंतर. पगार नाही, भत्ता नाही. चहा माझ्याकडून." मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, आपल्याला येतं ते सांगायचं, त्यात काय आहे.

तू मात्र आधी आम्हालाच शाळेत बसवलंस. चार शनिवार आम्ही शिकवणारे एकमेकांना शिकवत होतो आणि तू ऐकत होतीस. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी फळ्यापाशी उभी राहून दहा मिनिटांत सगळ्या व्याख्या धडाधड सांगून टाकल्या. मलाच बरं वाटलं. तू बाकीच्यांना विचारलंस, "काय कळलं?" खरेदी खात्यातला मुरुगेश प्रामाणिकपणे इंग्रजीत म्हणाला, "मीनल इज व्हेरी इंटेलिजंट."

तू माझ्याकडे वळलीस. "बघ. तुझी हुशारी कळली. विषय नाही कळला. परत सांग."

मला राग आला होता, अक्का. परत सांगताना मी त्याच व्याख्या सावकाश म्हटल्या. तरी तू सोडलं नाहीस. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "पुस्तक मीट. ते यार्डातलं मशीन आठव."

यार्डात एक मशीन ताडपत्रीखाली पडून होतं. तयार होतं, तपासून झालं होतं, गिऱ्हाईक रोज फोन करत होतं, आणि ते जात नव्हतं कारण त्याच्या खोक्याचं लाकूड आलेलं नव्हतं. लाकडाची कुणी कधी चौकशीच केली नव्हती. सगळे मोटारी आणि पॅनेलच्या मागे होते. मी ते मशीन सांगायला लागले. कुठलं काम कशासाठी थांबतं, कुठलं एक काम लांबलं की सगळंच लांबतं, ते एकामागून एक फळ्यावर येत गेलं, आणि पुस्तकात ज्याला क्रिटिकल पाथ म्हणतात तो समोर दिसायला लागला. मुरुगेश म्हणाला, "अरे, लाकूड मीच मागवायचं होतं." सगळे हसले. तू हसली नाहीस. "आता विषय कळला," एवढंच म्हणालीस.

तुझी एक सवय मला सुरुवातीला फार खटकायची. आम्ही शिकवत असताना तू खुर्ची उलटी फिरवून, फळ्याकडे पाठ करून बसायचीस. मला वाटायचं, हिला माझं शिकवणं बघवतसुद्धा नाही. एकदा विचारलंच. तू म्हणालीस, "तुला बघून काय करू? तू दिसायला छानच हाईस. मी त्यांची तोंडं बघतो. कुणाचं तोंड कधी पडतंय, ते बघतो. तितं तू चुकलेली असतीस." मग तू मला तसं बसायला शिकवलंस. दुसरा शिकवत असताना ऐकणाऱ्यांचे चेहरे वाचायचे. कुणी मान डोलावतोय पण त्याचा हात लिहायचा थांबलाय, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतोय. आज मला शिकवायला येतं असं लोक म्हणतात. ते त्या उलट्या खुर्चीत बसून आलेलं आहे.

आणखी एक नियम होता. वर्गात 'हे सोपं आहे' असं कुणी म्हणायचं नाही. "ज्याला कळंना झालंय, त्याला सोपं हाय म्हणून सांगणं म्हणजे कानाखाली मारल्यागत हाय," असं तू म्हणायचीस.

वर्ग सुरू झाले. तरुण पोरं आली, बघता बघता पासही व्हायला लागली. पण ज्यांच्यासाठी खरा खटाटोप होता ते जुने फोरमन दारातून डोकावून जायचे. त्यांच्यात जोडणी विभागाचे सुब्बण्णा होते, तुझ्याच वयाचे, शांत, कपाळावर विभूतीची पट्टी. त्या परदेशी ऑर्डरची सगळी जोडणी त्यांच्याच हाताखाली व्हायची होती, म्हणजे सर्टिफिकेट सगळ्यात आधी त्यांना पाहिजे होतं. तू त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलंस. माझं कन्नड तेव्हा 'स्वल्प स्वल्प'च होतं, तरी तेवढं समजलं. ते म्हणत होते, "अक्का, मी नापास झालो तर उद्या जोडणीच्या शेडमध्ये पोरांना काम कुठल्या तोंडानं सांगू?"

तू 'सरी', म्हणजे बरं, एवढंच म्हणालीस आणि चहा न पिताच उठलीस.

नंतर एक फर्मान आलं. गिऱ्हाईकाकडून कुणी तरी विचारलं होतं म्हणे, की तुमच्याकडे शिकवतं कोण. साहेबांनी सगळीकडे कळवलं, यापुढे शिकवणारे आणि शिकवणाऱ्यांना तयार करणारे, दोघेही सर्टिफिकेटवालेच असतील. तुझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. तू परीक्षा दिलीच नव्हतीस. हे आम्हाला माहीत होतं आणि त्यात काही चुकीचं आहे असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

आम्ही शिकवणारे सगळे भडकलो. अक्का नाही तर वर्ग नाही, असं ठरवून टाकलं. मी तर साहेबांच्या केबिनकडे निघालेही होते. जिन्यात तू मला अडवलंस.

"कुठं चाललीस?"

"सांगायला. आम्ही बंद करतोय."

"बंद करून नुकसान कुणाचं? साहेबांचं? त्यांनी परीक्षा दिलेली हाय." मग म्हणालीस, "नियम काय वाईट नाही गं. मलाच वाईट वाटालंय, ते निराळं."

पुढच्या शनिवारी मी वर्गात शिरले तर तू पोरांच्या मध्ये बसलेली. नवी वही, दोन पेन्सिली, शेजारी डबा. मी दारातच थबकले. तू म्हणालीस, "सुरू करा की मॅडम." पोरं हसली.

तुला शिकवणं कठीण होतं, अक्का. तू वाईट विद्यार्थी होतीस. प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असायची, त्यातलं एक निवडायचं, आणि तू प्रश्नाशीच भांडायला बसायचीस. गिऱ्हाईक मध्येच काही बदल मागतं, तर मॅनेजरनं आधी काय करावं, असा एक प्रश्न होता. पुस्तक म्हणायचं, बदलाचा परिणाम तपासून रीतसर मंजुरी घ्यावी. तू निवडलंस, की जाऊन गिऱ्हाईकाशी बोलावं.

"हे चूक आहे," मी म्हटलं.

"चूक कसं? तो माणूस काय मागालाय ते त्याला विचारल्याशिवाय परिणाम कशाचा तपासू?"

"परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं."

"म्हणजे मी जे करणार नाही ते करतो म्हणून सांगू?"

हे भांडण आपण कितीदा केलं. मी म्हणायची, परीक्षा ही एक भाषा आहे, ती तेवढ्यापुरती बोलायची आणि घरी यायचं. तू म्हणायचीस, मी चिक्कोडीची भाषा बंगळूरात सोडली नाही, ही कशाला धरू? मग दोघी हसायचो आणि विषय तिथेच राहायचा. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. आणि अजूनही एखादं गिऱ्हाईक बदल मागायला लागलं की मी आधी त्याला फोन लावते.

तू परीक्षा दिलीस. निकाल आला. थोडक्या गुणांनी गेली होती. तू प्लॅनिंगमध्ये रोजच्यासारखी कामं करत राहिलीस. मी तुझ्याजवळ दोनदा येऊन परत गेले.

शनिवारी वर्ग भरला होता. तू उठून मला विचारलंस, "दहा मिनिटं देतीस?" मी बाजूला झाले. तू फळ्यापाशी गेलीस आणि आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत सांगितलंस, "मी नापास झाले." मग तू आठवतील तसे प्रश्न फळ्यावर लिहिलेस, तू काय उत्तर दिलंस, त्यांना काय पाहिजे होतं, फरक कुठे पडला. एकेका प्रश्नाशी पुन्हा भांडलीसही. पोरं आधी खाली बघत होती, मग हसायला लागली, मग वाद घालायला लागली. दहाची चाळीस मिनिटं झाली. शेवटी हात झटकून तू विचारलंस, "आता मला पुढं कोण शिकवणार?" मुरुगेशनं हात वर केला.

ही बातमी सोमवारी सगळ्या कारखान्यात पोचली. प्लॅनिंगची अक्का नापास झाली, आणि सोमवारी सकाळी त्याच आवाजात सगळ्यांना कामाच्या तारखा विचारत फिरतेय. तिच्याशी कुणी वेगळं वागत नाही, आणि वागायची कुणाची छातीही नाही.

त्यानंतरच्या शनिवारी दोनला सुब्बण्णा दारात उभे होते. मागे आणखी दोन फोरमन. तू बाकावर सरकलीस, डबा उचलून मांडीवर घेतलास आणि म्हणालीस, "बन्नी, कूतकोळ्ळी." या, बसा. मी शिकवत होते तेच पुढे शिकवत राहिले, पण त्या तासाला मी काय बोलले ते मला आठवत नाही.

सुब्बण्णा पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. ऑर्डरची मशीनं बाहेर पडली, तीही ठरल्या तारखेला. साहेबांनी तोपर्यंत स्वतःचं फर्मान न मोडता वाकवलं होतं. तुला 'संयोजक' असं नाव दिलं आणि शिकवणाऱ्यांना तयार करण्याचं काम पुन्हा तुझ्याकडे आलं. नवी नवी माणसं फळ्यापाशी घाम पुसत उभी राहायची आणि तू उलट्या खुर्चीत.

मग आपलं दुसरं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, परत बस परीक्षेला. तू टाळत होतीस. कधी ऑर्डरचं काम, कधी भाचीचं लग्न. या वेळची अर्ज भरायची मुदत जवळ आली तेव्हा शनिवारी संध्याकाळी वर्गावरून परतताना कंपनीच्या बसमध्ये मी हट्टालाच पेटले.

"अक्का, घाबरतेस का?"

"कुणाला घाबरतो मी?"

"मग भर की अर्ज."

"माझं काम झालं गं त्या परीक्षेकडून. ती तिचं तिनं बघंल."

"नाही झालं. तू पास व्हायला पाहिजेस. तुला माहीत आहे तू होशील."

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. होसूर रोडवर बस अडकली होती, पुढे विटांचा ट्रक उलटा शिरला होता. माझा जयनगरचा थांबा आला. मी उठले तेव्हा म्हणालीस, "बघतो. सोमवारी सांगतो."

सोमवारी सकाळी यशवंतपूरच्या तुझ्या थांब्यावर बस उभी राहिली. ड्रायव्हर कुणासाठी थांबणारा माणूस नव्हता, पण तुझ्यासाठी थांबला, हॉर्न देत राहिला. मग तुझ्या शेजारची बाई धावत आली. तू वेणी घालता घालता खाली बसलीस ती उठलीच नाहीस, असं तिनं सांगितलं, आणि जयनगरला बस आली तेव्हा ते ड्रायव्हरकडून मला कळलं. डबा भरून ठेवलेला होता.

तू काय सांगणार होतीस सोमवारी? मी दोन्ही उत्तरं मनात म्हणून बघते. 'भरतो' आणि 'नाही भरत'. दोन्ही तुझ्या आवाजात नीट बसतात, म्हणून निवड करता येत नाही. मी रागावलेही आहे तुझ्यावर. वादाच्या मध्येच उठून गेलीस, तेही जिंकायचं का हरायचं ते न सांगता.

गेल्या शनिवारी कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. तुझे थोरले भाऊ चिक्कोडीहून आले होते, पांढरी टोपी, हातात छत्री. साहेब बोलले. मनापासून बोलले. पण त्यांना कुणी तरी लिहून दिलं असावं, कारण ते म्हणाले, की पद्मावती या आपल्या कारखान्यातल्या पहिल्या सर्टिफिकेटप्राप्त महिला प्रशिक्षक होत्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शोकसभेत चूक काढायची तरी कशी? मी गप्प राहायचं ठरवत होते, तेवढ्यात सुब्बण्णा उठले. कधी चारचौघांत न बोलणारा तो माणूस, हात पुढे बांधून, कन्नडमध्ये म्हणाला, "सर, माफ करा. अक्का पास झाल्या नव्हत्या. नापास झाल्या होत्या. त्यांनीच आम्हाला वर्गात उभं राहून सांगितलं. त्या नापास झाल्या म्हणून मी वर्गात आलो. हे पुसून टाकू नका." आणि बसले. साहेबांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "खरं आहे. मीही ऐकलं होतं. विसरलो." कॅन्टीनमध्ये माणसं रडत होती आणि हसतही होती.

सभा संपल्यावर मी तुझ्या भावापाशी गेले. मला वाटलं, त्यांना हे नापास प्रकरण लागलं असेल. मी सांगायला लागले, की सुब्बण्णांच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"आम्हाला ठाव हाय की बाळ. निकाल कळला त्या दिवशी बूथवरनं फोन केलता तिनं. मी विचारलं, वाईट वाटालंय काय? तर म्हणाली, लई वाटालंय अण्णा. रडाली होती फोनवर. मी म्हटलं, गावाकडं ये चार दिवस. तर म्हणाली, नको, शनिवारी माझा वर्ग हाय. पोरांना सांगतो, म्हणजे हलकं वाटंल."

मी त्यांच्यासमोर उभी राहून रडले, अक्का. त्या दिवशी फळ्यापाशी तू हात झटकून हसत उभी होतीस, आणि मी तुझा चेहरा वाचू शकले नाही. तूच शिकवलेलं मला आलं नाही. इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते, की अक्कानं आमच्यासाठी ते सगळं सांगितलं, सुब्बण्णांसाठी सांगितलं, केवढं मोठं मन. होतंच. पण तुला तुझं दुःख ठेवायला जागा पाहिजे होती आणि ती तुला आमच्यात सापडली, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तू आम्हाला दिलंस त्याची मोजदाद मी करत बसले होते. आम्हीही तुला काहीतरी दिलं होतं. तू ते कधी बोलली नाहीस, आणि आम्हाला देताना समजलंही नाही.

भावांना त्याच संध्याकाळी यशवंतपूरला गाडीत बसवलं. उद्या शनिवार. शिकवायला शिकणारे चार नवीन जण येणार आहेत. सुब्बण्णाही आहेत त्यांच्यात. त्यांनी मला सांगून ठेवलंय, की फळ्यापाशी त्यांचे पाय कापतील, तेव्हा मी हसायचं नाही.